खिडकीखालचा ताणा

जिजी,

तुझ्या जाण्याची बातमी मी लिहिली नाही. नागपूरच्या कचेरीतून निरोप आला होता : चार ओळी पाठवा, आपल्या वार्ताहराच्या भगिनी, आतल्या पानावर घेऊ. मी लिहायला बसलो. नाव लिहिलं, शाळा लिहिली, ‘अल्पशा आजाराने’ लिहिलं आणि थांबलो. आजार अल्पसा नव्हता. हे शब्द आम्ही सर्वांनाच लावतो, कारण ते तयार असतात. कागद बाजूला ठेवला. तारघराची वेळ निघून गेली आणि मी ती जाऊ दिली. तुझ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं, म्हणून सांगतो.

आता लिहितो आहे ते तुला उद्देशून. यात बातमी नाही. आजारपणात तू माझ्यावर एक काम सोपवलं होतंस. बाहेर जाऊन तुझ्यासाठी बघायचं आणि संध्याकाळी येऊन सांगायचं. माणूस पाठवून बाजार आणवतात, तितकं साधं. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. तू गेलीस तरी काम अंगावरून उतरलेलं नाही.

आपल्या गल्लीत सकाळी ताणा लागायचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, तोवर तू थांब. हातमागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ लावतात. त्यासाठी ते पूर्ण लांबीत ताणून धरावे लागतात, आणि एवढी लांब जागा कोणत्याच विणकराच्या घरात नसते. म्हणून ऊन तापायच्या आत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्यांवर धागे ताणायचे, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी मोठे कुंचे घेऊन खळ सारवत पुढे-मागे चालायचं. रस्ता तेवढा वेळ बंद. पायी जाणारा भिंतीला अंग घासत जातो, सायकलवाला उतरतो, गाय कोपऱ्यावरूनच वळवतात. ताणा कोणी ओलांडत नाही. आपल्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मी सायकलवाला होतो. मला ताणा हा रोजचा अडथळा होता. तुझी शाळेत निघायची वेळ तीच. हातात छत्री, खांद्याला पिशवी, उशीर झालेला, आणि तू समोरच्या ओट्याला टेकून उभी. ओल्या धाग्यांवर ऊन कसं सरकतं ते बघत.

“जिजी, घंटा झाली असेल,” मी एकदा म्हणालो.

“होऊ दे. घंटा उद्याही होणार आहे.”

“ताणाही उद्या लागणार आहे.”

“हा नाही लागणार.”

कोपऱ्यावरचे हनीफचाचा ताण्याच्या मधोमध वाकलेले होते. त्यांनी मान न उचलता विचारलं, “बाई, आज मास्टरनी ही उठक-बैठक लगाएगी क्या?” तू म्हणालीस, “चाचा, तुम धागा सांभाळो, शाळा मी सांभाळते.” तुझी हिंदी पहिल्या चार शब्दांनंतर नेहमी घरी परत यायची. चाचांना ती बरोबर कळायची.

मग थंडीच्या शेवटी ताप आला, तो गेला आणि जाताना दम मागे ठेवून गेला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाची झडप, म्हणाले. जिना नाही, दगदग नाही, बोलणं कमी. तुझा पलंग माडीवर गल्लीकडच्या खिडकीशी लावला. त्या खिडकीतून समोरची पांढरी भिंत दिसायची, अर्धा ओटा आणि सकाळी ताणा. बाकी बुऱ्हाणपूर तुझ्यासाठी बंद झालं.

ते महिने माझ्या धंद्यात कसे होते तुला माहीत आहे. राज्यांची पुनर्रचना चालली होती. आपला भाग कुठे जाणार, नागपूरशी नातं राहणार की तुटणार, भोपाळ की मुंबई, रोज सभा, रोज ठराव, रोज कोणीतरी शिष्टमंडळ घेऊन स्टेशनावर. मी सकाळी बाहेर पडायचो तो दिवेलागणीला परत. कुसुम जेवणाचं ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, “आधी वर जाऊन या. वन्सं वाट बघतायत.”

मी वर यायचो. तू उशीला टेकून बसलेली असायचीस.

“काय पाहिलंस?”

मी सांगायचो. अमुक वकील बोलले, तमुक शेठ उठून गेले, ठराव एकमताने झाला.

“हे ऐकलंस. पाहिलंस काय?”

पहिल्या दिवशी मला वाटलं तू थट्टा करतेस. आठवड्याभराने कळलं की तुला खरंच भूक लागली आहे, आणि घरात ती भागवू शकणारा एकटा मी आहे, ज्याला भागवता येत नाही. कुसुम घर सोडून कुठे जात नव्हती. तुझ्या शाळेच्या बाया रविवारी यायच्या आणि तुझी नाडी, तुझं पथ्य आणि तुझं बारीक झालेलं मनगट यांवर बोलून जायच्या. रोज गावभर फिरणारा मीच.

मी चांदनीला गेलो होतो तो दिवस तुला आठवत असेल. एक मोठे पुढारी मेलने जाणार होते, गाडी चांदनीला थोडी थांबणार असं कळलं होतं. गर्दी जमली, गाडी आली, पुढाऱ्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मी प्रश्न विचारला, गाडी हलली. उत्तर मिळालं नाही. ‘काहीही सांगण्यास नकार’ एवढी ओळ घेऊन मी परत आलो.

“फलाटावर काय होतं?” तू विचारलंस.

“लोक होते.”

“कसे?”

“दोनेकशे असतील.”

“मी मोजायला नव्हतं सांगितलं, दिनू. लोक कसे होते?”

मी आठवू लागलो. कोणाचाही चेहरा येईना. एक हार कोणीतरी उंच धरला होता आणि गाडी सुटल्यावर त्याचं काय करावं हे त्या माणसाला कळलं नव्हतं, एवढं आठवलं. ते सांगितलं. तू पुढे झुकलीस.

“मग काय केलं त्यानं?”

“स्वतःच्या गळ्यात घातला.”

तू इतकी हसलीस की कुसुम जिना चढून वर आली. मग धाप ओसरल्यावर विचारलंस, “त्या बाजूला पळस फुलला असेल ना आता? सगळी टेकडी पेटलेली दिसते गाडीतून.”

मी जाताना खिडकीशी बसलो होतो. येतानाही खिडकीशीच.

“लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

मजकूर खोडताना एखाद्या उपसंपादकाला येतो तेवढा रागसुद्धा तुझ्या चेहऱ्यावर नव्हता. तू माझ्याकडे काळजीने पाहिलंस. आजारी तू होतीस.

पुढची गोष्ट तुला सांगायची राहिली. पंधरवड्याने मी पुन्हा चांदनीला गेलो. काम काही नव्हतं. सभा नव्हती, पुढारी नव्हते. पळस बघून यायचा आणि संध्याकाळी तुला सांगायचा, एवढंच. फूल गळून गेलं होतं. झाडं उघडी होती, खाली पाचोळा होता. फलाटावर बसून परतीच्या गाडीची वाट पाहिली आणि घरी आलो. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी नगरपालिकेच्या बैठकीचं काहीतरी सांगितलं.

आपलं भांडण त्याच सुमाराचं. ते तसंच अर्धं राहिलं आहे, म्हणून दोन्ही बाजू इथे मांडतो.

माझं म्हणणं असं होतं की बघणं हा रिकाम्या माणसाचा उद्योग आहे. तुला ताणा सुंदर दिसतो, कारण तो तुला लावायचा नाही. चाचांना त्यात तुटलेला धागा दिसतो, वाळत चाललेली खळ दिसते, वर चढणारं ऊन दिसतं. ज्याच्या हातात काम आहे त्याला सौंदर्य दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याने ते काम करणाऱ्याला सांगू नये. हे मी जरा मोठ्याने बोललो. दिवसभराचा थकवा होता.

तू म्हणालीस, “मी रिकामी असताना बघत नव्हते रे. शाळेला उशीर होत असताना बघत होते. रिकामी तर आत्ता झाले.”

“मग?”

“मग काय. आता कळतं, रिकाम्या माणसाला नीट दिसतही नाही. घाईत जे दिसायचं त्याची गोडी वेगळी होती. चोरून खाल्ल्यासारखी.” मग म्हणालीस, “आणि चाचांना काय दिसतं ते तू का ठरवतोस? जाऊन विचार की. तू तर विचारण्याचाच पगार घेतोस.”

मी विचारलं नाही. हा काय विचारायचा प्रश्न आहे, असं वाटलं.

याच सुमारास जसोंडीहून मामा आले होते. केळीचा घड जिन्याखाली टाकून ते वर आले, तुझ्या पायाशी बसले आणि वाऱ्याला शिव्या घालू लागले. “काय सांगू पोरी, वाऱ्यानं बागेचा पार इस्कोट केला. पानं फाडून चिंध्या चिंध्या.” तू विचारलंस, “मामा, फाटताना आवाज कसा येतो?” मामांनी क्षणभर विचार केला. “आवाज काय, कोणी नवं लुगडं टराटरा फाडतंय तसा. अन् मग सारी बाग हात हालवत ऱ्हाते, जशा काय बायका जत्रेत हरवलेलं पोर हाका मारून बलावतायत. काही ऐकू येत नही, नुसते हात.” तू डोळे मिटून ऐकत होतीस. मामा बोलत होते नुकसानीचं. त्यांनी तुझ्यासाठी म्हणून काहीच पाहिलं नव्हतं. तरी ते अर्ध्या तासात जे देऊन गेले ते मला इतक्या संध्याकाळींत देता आलं नव्हतं. जाताना जिन्यात ते मला म्हणाले, “पोरगी ताजी वाटली आज. तू तिला काय सांगतो रे रोज? तिचं तोंड उतरतं म्हने तुझं ऐकून.” कुसुमने सांगितलं असावं.

चैत्रात एका सकाळी ताणा लागला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. तू मला निघता निघता हाक मारलीस.

“दिनू, माग बंद पडलेत का? सूत मिळत नाही का त्यांना? लोक खातात काय मग?”

तुझी एकुलती एक गोष्ट गेली होती आणि तू आधी त्यांच्या चुलीचं विचारलंस, हे मी तेव्हा टिपलं नाही. आता टिपतो.

मी कोपऱ्यावर गेलो. हनीफचाचा दारात तंबाखू मळत होते.

“ताना? ताना पीछे मैदान में ले गए, भाई.”

“का?”

“बाई बीमार है. सबेरे-सबेरे हमारी चिल्लाचोट उनकी खिड़की के नीचे... सबने मिलके सोचा, आराम पड़ेगा.”

मैदान लांब आहे. तिथे पाणी वाहून न्यावं लागतं, आडोसा नाही, ऊन लवकर येतं, खळ भराभर वाळते आणि धागे जास्त तुटतात. गल्लीतल्या सगळ्या विणकरांनी हा त्रास कोणी न सांगता उचलला होता, तुझ्यासाठी. मी त्यांना सांगितलं की बाई खिडकीत बसून तेवढंच बघतात. चाचांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

“अरे तौबा. ऊपर से भी देखती थीं? हम तो समझे हवा खाने बैठती हैं.”

दुसऱ्या दिवशी ताणा परत आला. मी मुद्दाम घरी थांबलो होतो. तू उजाडायच्या आधीपासून उठून बसली होतीस, कुसुमकडून केस विंचरून घेतले होतेस. खाली कैच्या लागल्या, धागे ताणले, कुंचे चालू झाले. थोड्या वेळाने तू कपाळाला आठ्या घातल्यास.

“दिनू, खाली कोणी गेलं का रे?”

“नाही. का?”

“मग हे असे का वागतायत, मयताला आल्यासारखे?”

मी वाकून पाहिलं. खरंच. चाचा आणि त्यांचा धाकटा भाऊ शब्बीर खुणांनी बोलत होते. कोणी खाकरलं तरी बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारत होते. पलीकडची एक बाई बादली ठेवताना ती दोन्ही हातांनी अलगद टेकवत होती. सगळी गल्ली पावलं न वाजवता काम करत होती.

“जा, सांग त्यांना,” तू म्हणालीस, “भांडा म्हणावं.”

मी खाली गेलो. इतक्या वर्षांत इतका विचित्र निरोप मी कुठे पोचवला नसेल. “चाचा, बाई कह रही हैं, झगड़ो.”

“किस बात पे?”

“वो आप देखो.”

शब्बीर हसू लागला. चाचा गंभीरपणे म्हणाले, “ऐसे कैसे, भाई. मुद्दा तो चाहिए.” त्यांनी वर पाहिलं, तू खिडकीतून हात केलास, त्यांनी सलाम केला. मग दोघे भाऊ एकमेकांकडे बघून लाजले आणि पुन्हा गप्प काम करू लागले. मी परत जिना चढत होतो तेवढ्यात शब्बीरचा कुंचा अडकला आणि एका कडेचे धागे तटातटा गेले.

“आँखें घर रख के आया क्या?”

“मेरी आँखें? बाँधा किसने ढीला? सारी दुनिया को सिखाते हो, खुद गाँठ नहीं लगती!”

“बाप के सामने ज़बान चलाता था, अब मेरे सामने चला!”

“अब्बा ने ही बोला था, हनीफ से गाँठ मत बँधवाना!”

त्यानंतर मुद्द्यांची टंचाई राहिली नाही. पलीकडची बादली दणकन आपटली. कोणीतरी दोघांनाही शिवी घालून मधे पडलं. वर तू उशीत तोंड खुपसून हसत होतीस, खांदे हलत होते, आणि कुसुम कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“वन्सं, पुरे झालं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“हसू नका असं कुठे सांगितलंय?”

“सांगायचं राहिलं असेल त्यांचं.”

त्या सकाळी मी खिडकीत तुझ्या मागे उभा होतो. तू बोटाने दाखवत होतीस. बघ, ऊन आलं. आधी फक्त वरचे धागे उजळतात, खालचे अजून ओले, काळसर. आता बघ, मधून जाईल. मी बघितलं. तू दाखवलंस तेवढं मला दिसलं. तू बोट खाली घेतलंस आणि मला पुन्हा गल्ली दिसू लागली, दोन माणसं, एक कुंचा, सायकलींची खोळंबलेली रांग. तुझे उपकार मोजायचे झाले तर त्या काही मिनिटांपासून सुरुवात करावी लागेल. पण ते तिथेच संपतात, हेही खरं. तुझ्या बोटाशिवाय मला ते परत कधी दिसलं नाही.

वैशाखात तुला उठून बसवेना. पाय सुजले. पलंग खिडकीशीच होता, पण पडल्या पडल्या फक्त आकाशाचा तुकडा आणि पांढऱ्या भिंतीची वरची कड दिसायची. आवाज यायचे. तू मला सकाळी खिडकीत उभं करायचीस.

“सांग.”

“ताणा लागलाय.”

“ते ऐकू येतंय मला. रंग?”

“हिरवा.”

“कसला हिरवा?”

“हिरवा म्हणजे हिरवा, जिजी.”

“पोपटी? शेवाळी? केळीच्या पानाचा? कोवळ्या पानाचा की जुन्या?”

मी खाली बघत होतो. खाली हिरवे धागे होते. त्यापलीकडे मला काहीही दिसत नव्हतं. तुझ्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मला वाटलं, हिला उत्तर हवं आहे, उत्तर द्यावं.

“केळीच्या. कोवळ्या,” मी म्हणालो.

मग म्हणालीस, “न बघता सांगितलंस.” आवाजात तक्रार नव्हती. “राहू दे. तू बस इथे. आपण दोघं ऐकू.”

आपण ऐकलं. चाचा ओरडत होते, शब्बीर उलट बोलत होता. मला त्यात भांडण ऐकू येत होतं. तुला काय ऐकू येत होतं ते मी विचारलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी तिथेच होतो, कुसुमही होती, डॉक्टर येऊन नुकतेच गेले होते. कोणाकडून काही करायचं राहिलं नव्हतं. करण्यासारखं काही नव्हतं.

तेराव्यापर्यंत गल्लीत ताणा लागला नाही. गल्लीने आपण होऊन सुतक पाळलं. चौदाव्या दिवशी मी चाचांकडे गेलो आणि म्हणालो, आता लावा, बाईंना आवडलं असतं. चाचांनी मला आत बसवलं, चहा दिला.

“ताना अब इधर नहीं लगेगा, भाई. हम दोनों भाई पावरलूम पे जा रहे हैं. वहाँ बीम तैयार मिलता है, ताना लिपटा-लिपटाया. बाकी के भी देख रहे हैं. गर्मी भर टाला था.”

कशासाठी टाळलं होतं ते ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मग मात्र मी तो प्रश्न विचारला, तू विचार म्हणाली होतीस तो. म्हटलं, चाचा, एवढी वर्षं ताणा लावलात, तुम्हाला तो कधी चांगला दिसला का? नुसता बघायला?

ते बराच वेळ बशीत फुंकत राहिले.

“हमको तो धागा टूटा दिखता है,” ते म्हणाले.

जिजी, हे माझ्या बाजूचं झालं. भांडण मी जिंकलो असं धरता आलं असतं. पण ते पुढे म्हणाले, “ताना गली में वापस आया, तब एक बार बाई ऊपर से बोलीं, चाचा, आज का हरा कल से गहरा है. मैं बोला, बाई, एक ही घान का है. फिर मैंने सूत की दोनों लच्छी पास रखके देखी. सच में गहरा था! पूरा माल रंगरेज़ को वापस किया. चार दिन काम बंद. शब्बीर आपकी बाई को बहुत कोसा.” आणि हसले. “उसके बाद मैं भी सबेरे पहले रंग देखने लगा. डर के मारे.”

हे कोणाच्या बाजूचं आहे मला ठरवता येत नाही. तू असतीस तर एका क्षणात आपल्या बाजूला ओढून घेतलं असतंस आणि मी तावातावाने हरकत घेतली असती. आता पुरावा हातात आहे आणि सांगायला समोर कोणी नाही. रात्रंदिवस दुसऱ्यांची भांडणं मी दोन्ही बाजू मांडून पूर्ण करतो. हे एक करता येत नाही.

बाकी कळवण्यासारखं म्हणजे, आपण भोपाळकडे जाणार हे आता नक्की झाल्यासारखं आहे. नागपूरच्या कचेरीला बुऱ्हाणपूरचा वार्ताहर यापुढे लागेल की नाही, याबद्दल तिथून मोघम उत्तर आलं आहे. चालायचंच. मी मोघम उत्तरं बरीच छापली आहेत.

तुझ्या अस्थी तापीत सोडल्या त्या सकाळचं एक सांगायचं आहे. ते तेराव्याच्या आधीचं, पण मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते सांगता येईल की नाही याची खात्री नव्हती. अजूनही नाही.

उन्हाळ्याने नदी अर्धी झाली होती. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, मामा शेजारी, गुरुजी काठावरून मंत्र म्हणत होते. पलीकडच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या आहेत. तिथे एक बाई रॉकेलच्या डब्याने वेलांना पाणी घालत होती. घाईत होती. ऊन चढायच्या आत तिला सगळ्या ओळी उरकायच्या होत्या. डबा भरायची, चालत जायची, कमरेतून वळून पाणी फेकायची, परत यायची. ते पाणी हवेत जाऊन उघडायचं. सगळं एकदम पडत नव्हतं. क्षणभर ते तसंच उभं राहायचं, पातळ, आणि त्यातून पलीकडचं झाड दिसायचं, वाकडं झालेलं. मग खाली वाळूवर आवाज न होता संपायचं. ती बाई तोवर पाठ फिरवून निघालेली असायची. तिने एकदाही पाहिलं नाही.

मी पाहत होतो. किती वेळ ते कळलं नाही. मामांनी माझा खांदा हलवला तेव्हा माझ्या हातातलं मडकं रिकामं होतं. तुझ्या अस्थी पाण्यात गेल्या त्या क्षणी मी तिकडे बघत नव्हतो.

“ध्यान कुठं तुझं?” मामा दबक्या आवाजात, रागाने म्हणाले. “काय हाय तिकडं?”

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, मामा, ते पाणी बघा. पण नुसतं पाणी म्हणून काय होणार होतं. पुढचा शब्द आला नाही. मी हात लांब करून दाखवलं. बाईने पुन्हा पाणी फेकलं. मामांनी पाहिलं. मग आम्ही दोघे पाण्यात तसेच उभे राहिलो, गुरुजी आटपा म्हणेपर्यंत.

मामांना हाताने दाखवता आलं. तुला दाखवायला माझ्याजवळ वर लिहिलेले एवढेच शब्द आहेत.